तीळ जाळण्याआधी

खानदेशात आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि त्यामागची लग्नसराई जवळ आली की घरोघरी एक विषय निघतो. नाकाशेजारचा उंचवटा, पापणीवरची चामखीळ, मानेवर सोन्याच्या पोतीत अडकणारे बारीक मस हे सगळे लग्नाआधी निघाले पाहिजे. जळगाव-धुळ्यात त्वचारोगतज्ज्ञ आहेत आणि काम अवघडही नाही. बधिर करण्याच्या इंजेक्शनासह ते पाच-दहा मिनिटांत आटोपते. अवघड असते ते त्याआधीचे, म्हणजे समोर दिसते आहे ते नेमके काय, हे ओळखणे. धोका शिरतो तो तिथेच.

साधा तीळ घ्या. कातडीला रंग देणाऱ्या पेशी, मेलॅनोसाइट, एरवी त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी एकेकट्या, अंतर राखून असतात. त्यातल्या एकीच्या ‘बीआरएएफ’ या जनुकात बदल होतो, वाढीचा संदेश थांबेनासा होतो आणि ती पेशी एकीच्या दोन, दोनाच्या चार होत जाते. विशेष म्हणजे मेलॅनोमा या घातक कर्करोगातही पुष्कळदा हाच बदल सापडतो. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साध्या तिळांपैकी दहात सुमारे आठांमध्ये तो आढळला, तेव्हा संशोधकही चक्रावले. कर्करोगाचे जनुक असून तीळ वर्षानुवर्षे गप्प का बसतो? दोन वर्षांनी नेदरलँड्समधील संशोधकांनी उत्तर दिले. काही काळ वाढल्यावर त्या पेशी स्वतःच विभाजन थांबवतात आणि पुढे जिवंत राहूनही वाढत नाहीत. आपल्या अंगावरचा जवळजवळ प्रत्येक तीळ म्हणजे शरीराने वेळीच रोखलेली वाढ आहे. म्हणून तो काढलाच पाहिजे असे नाही, आणि तो बदलू लागला तर दुर्लक्षही करायचे नाही.

गालांवर आणि डोळ्यांभोवती मोहरीएवढे काळे दाणे येतात, तेही लोक तीळच समजतात. तिशीनंतर ते वाढत जातात, आई-मावशी-आजी सगळ्यांना असतात. पण ते तीळ नव्हेत. इटालियन वैद्य आल्डो कास्तेलानी यांनी १९२५ मध्ये सावळ्या त्वचेवरच्या या दाण्यांचे वर्णन केले. इथे त्वचेचा वरचा थर जागोजागी जाड झालेला असतो. कर्करोगाशी त्यांचा संबंध नाही. काढायचे ते केवळ दिसण्यासाठी, आणि तेही वरवर. खोल जाळले तर दाण्याच्या जागी खड्डा राहतो.

मानेवरच्या आणि काखेतल्या लोंबत्या मसांबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे. घर्षण हे त्यांचे एक कारण. दुसरे कारण रक्तात असते. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले की स्वादुपिंड ते जास्त तयार करते, आणि हे जादा इन्शुलिन त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावते. मसांबरोबर मानेची कातडी काळी, जाडसर, मखमली झाली असेल तर तो मळ नाही. घासून ती उजळणार नाही. अशा माणसाने मस जरूर काढावेत, पण त्याच आठवड्यात उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी. दहा मस काढून मधुमेह तसाच राहिला, तर काय मिळवले?

हाताबोटांवरच्या खरखरीत चामखिळी याहून वेगळ्या. त्या ‘एचपीव्ही’ विषाणूमुळे होतात आणि पसरतात. दाढी करताना वस्तरा चामखिळीवरून फिरला की विषाणू पुढच्या ओरखड्यात पेरला जातो आणि हनुवटीवर ओळीने नव्या चामखिळी उगवतात. सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाईकाला नवे पाते हवे, ते यासाठीही. लहान मुलांच्या चामखिळी पुष्कळदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात. ताजी चामखीळ दुखत नसेल तर मुलाला सुईची भीती दाखवण्याची घाई करू नये.

आता घरगुती उपाय. घोड्याच्या शेपटीचा केस मसाच्या देठाला आवळून बांधतात. रक्तपुरवठा तुटतो, मस वाळून पडतो. देठ बारीक असेल तर हे घडते, पण त्यातून जंतुसंसर्गही होतो. चुना आणि धुण्याचा सोडा लावणे याहून घातक. ही दोन पाण्यात एकत्र आली की कॉस्टिक सोडा तयार होतो. तो मस ओळखत नाही, समोर येईल ते मांस विरघळवत जातो. सातपुड्यातून येणाऱ्या बिब्ब्याचेही तेच. आंबा आणि काजूच्या कुळातल्या या फळाचे काळे तेल इतके दाहक असते की, पूर्वी धोबी कपड्यांवर त्याने खुणा करत तेव्हा त्या खुणेखालच्या कातडीवर पुरळ उठे. असे तेल नाकाशेजारी किंवा पापणीजवळ लावणे म्हणजे कायमचा व्रण ओढवून घेणे. जाळून काढण्याची कल्पना मात्र जुनी आणि शास्त्रशुद्ध आहे. सुश्रुतसंहितेत मशक आणि तिलकालक, म्हणजे मस आणि तीळ, शस्त्राने उचलून क्षाराने किंवा अग्नीने जाळायला सांगितले आहे, तेही बेताबेताने.

आजच्या दवाखान्यातला अग्नी म्हणजे रेडिओफ्रिक्वेन्सीची बारीक तार किंवा कार्बन डायऑक्साइड लेझर. दोन्ही पेशींतल्या पाण्याची वाफ करतात. या लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते आणि ती पाण्यात चटकन शोषली जाते, म्हणून आजूबाजूची कातडी फारशी भाजत नाही. चामखीळ जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचा डीएनए सापडला आहे. डॉक्टर मास्क लावतात आणि धूर ओढणारी नळी जवळ धरतात, ते त्यामुळे. तिसरा मार्ग गोठवण्याचा. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठीच्या रेतमात्रा ज्या उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवतात, तोच इथे वापरतात. पण आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेसाठी एक अडचण आहे. रंगपेशी उणे पाच अंशांच्या आसपासच मरू लागतात, तर त्वचेच्या इतर पेशी मरायला उणे वीसहून खाली जावे लागते. म्हणजे चामखीळ मरण्याआधी रंग मरतो आणि पांढरा डाग राहू शकतो. चेहऱ्यावर ही पद्धत सुचवली तर डागाबद्दल आधी विचारा. छाती, खांदा आणि कानाची पाळी इथे व्रण फुगून गाठाळ होण्याची शक्यता जास्त, तेही विचारा.

नंतरची खपली आठ-दहा दिवसांत आपोआप पडते. ती नखाने काढू नये. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो, पण नव्या कातडीवर काळा डाग पडतो तो मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांमुळे. शक्य असेल तर हे काम हिवाळ्यात उरकावे. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर मुळीच करू नये.

जाळलेल्या तिळातून तपासायला काहीच उरत नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. संशयास्पद काळा डाग पार्लरमध्ये किंवा न तपासता कुणी जाळला, तर पुरावा धुरात गेला. अर्धवट राहिलेला साधा तीळ काही महिन्यांनी पुन्हा रंग धरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेलॅनोमासारखा भासतो. म्हणून पूर्वी तिथे काय केले होते, हे डॉक्टरला सांगितलेच पाहिजे. तीळ छेडला की कर्करोग होतो, ही समजूत चुकीची आहे. जो आधीच कर्करोग होता तो अर्धवट छेडला गेला, एवढेच बहुधा घडलेले असते.

मेलॅनोमा आपल्याकडे दुर्मीळ आहे, पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर किंवा नखाखाली. त्या जागा आपण बघत नाही. इतर त्वचाकर्करोगही असतात. वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये कमरेवर न भरणारी जखम असलेल्या दोन वृद्ध स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे एकाच जागी कमरेला घट्ट आवळून वस्त्र नेसल्याने कातडी सतत घासली गेली होती. दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला. त्यातल्या एकीचे नेसू लुगडे होते. खानदेशातल्या आज्यांनाही हे लागू आहे. नेसण्याची गाठ थोडी सैल ठेवावी आणि तिची जागा बदलत जावी.

तिळाच्या दोन बाजू सारख्या नसतील, कड वेडीवाकडी असेल, रंग एकाहून जास्त असतील, रुंदी सहा मिलिमीटरपेक्षा जास्त असेल आणि मुख्य म्हणजे तो बदलत असेल, तर तो जाळायचा नसतो. तो कापून काढून तपासायचा असतो. रक्त येणारा किंवा महिनाभरात न भरणारा फोडही तसाच. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे आणि जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग आणि विकृतिशास्त्र असे दोन्ही विभाग आहेत. खासगी दवाखान्यात काढून घेतलेत तरी ‘तुकडा तपासणीला पाठवा’ असे स्वतःहून सांगा आणि तो अहवाल जपून ठेवा.