गळ्याच्या मापाचे वाद्य

धुळे-सोलापूर महामार्ग गोदावरी ओलांडतो तिथे शहागड आहे. पुलाच्या अलीकडे जालना जिल्ह्यातला अंबड तालुका, पलीकडे बीड जिल्ह्यातला गेवराई. गाणाऱ्याला वर्षभर काम पुरेल इतकी दैवते आणि इतके संत या टापूत आहेत. अंबडच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी, नदीच्या दक्षिण काठाला राक्षसभुवनचा शनी, घनसावंगीच्या बाजूला समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आणि नदीच्या वरच्या अंगाला नाथांचे पैठण. नवरात्रात देवीची गाणी, नाथषष्ठीला पैठणच्या वाटेवर दिंड्या, गावोगावी हरिनाम सप्ताह, घरात लग्न झाले की गोंधळ. एवढे गाणे चालायचे म्हणजे सुराला वाद्य हवेच. ते वाद्य बहुतेक वेळा दुकानातून येत नसे. ज्याला वाजवायचे तोच ते जुळवायचा. पोकळ लाकूड सुताराकडून कोरून घ्यायचे, कातडे ओळखीच्या माणसाकडून आणायचे, वेळूची काठी बांधावरून तोडायची आणि बाकीचे घरी बसून करायचे.

स्वतः गिटार बनवून वाजवणाऱ्या हौशी लोकांचे अलीकडे फार कौतुक होते, आणि ते रास्तच आहे. ‘क्वीन’ या इंग्लिश बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने 1963 मध्ये, शाळकरी वयात, वडिलांच्या मदतीने एक गिटार करायला घेतली. गिटारची मान त्याने जुन्या शेकोटीच्या महिरपीच्या लाकडातून काढली. पट्टीवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे लावली आणि आतल्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातून काढून बसवल्या. पुढे जगातली कोणतीही गिटार विकत घेता येईल एवढी ऐपत आली, तरी त्याच्या हातात मुख्यतः तीच राहिली. आपल्या हाताने केलेले वाद्यच माणूस सगळ्यात जास्त का वाजवतो, हा प्रश्न मला तिथून पडला. त्याचे उत्तर मला लंडनपेक्षा गोदाकाठच्या तुणतुण्यात जास्त स्पष्ट दिसते.

तुणतुणे म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले लाकडाचे पोकळ नळकांडे, साधारण धान्य मोजायच्या मापाएवढे. खालच्या तोंडावर बकऱ्याचे कातडे. नळकांड्याच्या बाहेरच्या अंगाला एक काठी खिळ्यांनी ठोकलेली, काठीच्या वरच्या टोकाला भोक आणि भोकात खुंटी. कातड्याच्या बरोबर मध्यातून तार आत घ्यायची आणि नळकांड्यातून वर नेऊन खुंटीला गुंडाळायची. तार एकच, तिला पडदे नाहीत, घोडी नाही. काखेत किंवा कमरेशी धरून लाकडाच्या लहानशा तुकड्याने ती छेडायची.

करणाऱ्याची कसोटी लागते ती कातड्यात. ते भिजवून मऊ करायचे, केस खरवडून काढायचे, ओले असतानाच तोंडावर ताणून बसवायचे आणि सावलीत वाळू द्यायचे. उन्हात ठेवले तर एका बाजूने आधी आकसते आणि ताण वाकडा बसतो. वाळल्यावर बोटाने टिचकी मारली की ते बोलले पाहिजे. मग मध्यभागी भोक. हे भोक तारेपेक्षा किंचितच मोठे हवे, कारण तारेचा सगळा ओढा तिथेच येतो. तार नुसती गाठ मारून सोडली तर पीळ देताच कातडे फाडून वर निघते. म्हणून गाठीखाली आधाराला चामड्याची चकती घालतात, आणि शर्टाचे बटणही चालते. मी पत्र्याच्या डब्यावर असे एक करून पाहिले, त्यात बटणच होते. डब्याचा आवाज लाकडापेक्षा खरखरीत येतो, पण गर्दीत लांबपर्यंत जातो.

या बांधणीत एक मोठी गंमत आहे. गिटारची तार लाकडी पोटाला समांतर धावते आणि घोडीमार्फत ते पोट हलवते. तुणतुण्याची तार कातड्यावर काटकोनात उभी असते. ती डावीकडे झुकली तरी ताण वाढतो, उजवीकडे झुकली तरी वाढतो, म्हणजे तारेच्या एका पूर्ण झोक्यात कातडे दोनदा ओढले जाते. त्यामुळे तारेच्या मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येचा, वरच्या सप्तकातला सूर जोराने बाहेर पडतो. शिवाय जोरात छेडले की पहिल्या क्षणी ताण जास्त असतो, मग तो उतरतो, आणि त्याबरोबर सूरही किंचित खाली घसरतो. तुणतुण्याच्या आवाजाला जो हेलकावा आहे तो यातून येतो. भिक्षेकऱ्यांच्या हातातल्या एकतारीच्या या असल्या वागण्याकडे चंद्रशेखर वेंकट रामन यांचेही लक्ष गेले होते. 1909 मध्ये, विशीतले रामन सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करत होते, तेव्हा इंडियन मॅथेमॅटिकल क्लबच्या नियतकालिकात त्यांनी एकतारीवर टिपण लिहिले. नोबेल पारितोषिक मिळाले त्याच्या एकवीस वर्षे आधीची ही गोष्ट. आपल्याकडच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांनी हा धडा उचलायला हवा होता असे मला मनापासून वाटते, कारण हे उपकरण कोणत्याही गावात एका दिवसात तयार होते.

आता गळ्याकडे येऊ. एकच तार आणि तिला पडदे नाहीत, म्हणजे वाद्य एकच सूर धरणार. तो कुणाचा? जो गाणार त्याचा. लोकरंगभूमीवरचे पुरुष वरच्या पट्टीत गातात, काळी चार, काळी पाच, आणि ध्वनिवर्धक नव्हते तेव्हा हा आवाज मोकळ्या रानात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवावा लागे. तार किती लांब ठेवायची, किती जाड घ्यायची, कातडे किती ताणायचे, हे सगळे त्या पट्टीवर ठरते. बारीक गळ्याच्या माणसाची काठी जाड गळ्याच्या माणसाला उपयोगाची नाही. खुंटी पिळून सूर थोडा वरखाली करता येतो, पण फार वर ओढली तर तार तुटते आणि फार सैल सोडली तर आवाज बसतो. प्रत्येक तुणतुण्याची स्वतःची अशी दोन-तीन सुरांची जागा असते जिथे ते खरे गाते. ज्याने केले त्याने ती जागा आपल्या गळ्यावर बेतलेली असते. म्हणून ते उसने दिले तरी दुसऱ्याच्या हातात तसे वाजत नाही.

पोवाड्यात शाहीर पुढे डफ घेऊन उभा राहतो, मागे झीलकरी, त्यांतल्या एकाकडे तुणतुणे, दुसऱ्याकडे झांज. तमाशात हे काम सुरत्याचे. त्याच्याकडे पाहायला कुणी आलेले नसते, पण तो थांबला तर गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. सूर आणि ठेका ही दोन्ही कामे एकाच तारेवर चालतात. गोंधळात संबळाच्या दणक्याखालीही तुणतुण्याची ती बारीक कडक धार ऐकू येते, ती वरच्या सप्तकातल्या सुराच्या जोरावरच. परभणीच्या राजाराम कदमांसारख्या गोंधळ्यांनी रात्र-रात्र आख्याने उभी केली ती याच जोडीच्या साथीने. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, सगळीकडे हे वाद्य पोचले. ते फुकटात होते, पिशवीत मावते आणि पोलिसांनी जप्त केले तर परवा नवीन करता येते. चळवळीला असे वाद्य परवडते.

पावसाळ्यात मात्र ते रुसते. हवेत ओल आली की कातडे सैल पडते, कातडे सैल म्हणजे तार सैल, आणि सूर उतरतो. नदीकाठच्या गावात हे सप्टेंबरपर्यंत चालते. त्यामुळे वाजवणाऱ्याचा हात गाणे चालू असतानाही खुंटीवर जातो, अर्धा पीळ देतो, परत येतो. डफ किंवा हलगी शेकोटीवर धरून तापवता येते, तुणतुण्याला खुंटी पुरते. मघाच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यासाठी इथे आहे. केलेले वाद्य सतत हातात राहते कारण ते दुरुस्त करायला कुणाकडे जावे लागत नाही. तार तुटली, सायकलच्या ब्रेकच्या तारेतला एक पदर सोडवून लावला. कातडे फाटले, दुसरे भिजत घातले. सुंदर वाद्याला ओरखडा जाईल या भीतीने माणूस ते पेटीत ठेवतो. स्वतः ठोकलेल्याची अशी भीती राहत नाही.

मराठवाड्यात स्वतः केलेल्या तंतुवाद्याची याहून गुंतागुंतीची परंपराही आहे. डक्कलवार हे मांग समाजाचे भाट. गावाबाहेर पाल टाकून किंगरी वाजवत ते जांबपुराण सांगत. सीमेपलीकडे तेलंगणातल्या डक्कली समाजात या वाद्याची थोरली बहीण नांदते, किन्नेरा. बांबूचा दांडा, त्याखाली आवाज भरायला वाळलेले भोपळे, दांड्यावर मेणाने चिकटवलेले पडदे. गिटारशी नाते सांगेल असे दख्खनचे लोकवाद्य शोधायचे तर हेच, कारण बोटाने पडद्यावर तार दाबून चाल वाजवायची युक्ती यात आहे. बारा पडद्यांची किन्नेरा वाजवणारे दर्शनम मोगुलय्या यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा तेलंगणाबाहेरच्या अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. आपल्या बाजूच्या किंगरीला तेवढे नशीब लाभले नाही. तिच्याबद्दल मला खरी कळकळ वाटते. पुराण सांगणारा माणूस गेला की त्याच्या मेणाचे, पडद्यांच्या अंतराचे, भोपळ्याच्या निवडीचे ज्ञानही त्याच्याबरोबर जाते. ते कुठे लिहिलेले नसते.

वारकऱ्यांच्या वीणेचे वेगळे आहे. अखंड हरिनाम सप्ताहात ती सात दिवस रात्रंदिवस कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात असते, जमिनीला टेकत नाही. पहाऱ्याचा माणूस बदलतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते आणि सूर तुटत नाही. ही वीणा मात्र कारागिराकडून येते, आणि कारागिराचा विषय निघाला की मिरजेला जावे लागते. तिथले फरीदसाहेब हे शिकलगार घराण्यातले, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या घराण्याने सतारी आणि तंबोरे करायला घेतले. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे मोठे भोपळे मिरजेत येतात, वाळतात, कापले जातात आणि त्यांचा तंबोरा होतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, त्यांच्यासारख्या गवयांच्या कानाने कारागिरांचे हात तयार झाले. मिरजेत वाद्य करणारा आणि वाजवणारा हे दोघे समोरासमोर बसतात. गोदाकाठी हे दोघे एकाच देहात असतात. मी एकाला वरचे आणि दुसऱ्याला खालचे म्हणणार नाही. तंबोऱ्याची जवारी लावणे हे आयुष्यभराचे शिक्षण आहे, ते हौसेने जमत नाही.

पण हौस कुठवर नेते याची उदाहरणे कमी नाहीत. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांची मुले केरसुणी बांधायची तार सोडवून घराच्या लाकडी भिंतीवर दोन खिळ्यांत ताणत, खाली बाटली सरकवत आणि त्या एका तारेवर वाजवायला शिकत. त्याला ‘डिडली बो’ म्हणतात. ब्लूज वाजवणाऱ्या कितीतरी जणांची सुरुवात तिथे झाली. बंगळूरच्या राज नारायण यांचे उदाहरण तर घरचेच. विमान कारखान्यात अभियंता असलेल्या या बासरीवादकाने 1970 च्या दशकाच्या अखेरीस विजेवर चालणारी श्रुतिपेटी बनवली. आज कीर्तनकारांच्या आणि भजनी मंडळांच्या बैठकीत मोबाइलवर तंबोरा लावलेला असतो, त्याची वाट त्या पेटीने मोकळी केली. याच सोयीने तुणतुण्याचे आणि एकतारीचे काम हिरावलेही आहे. तमाशाच्या फडात आता कीबोर्ड असतो, लग्नातला गोंधळ तासाभरात आटोपतो.

या टापूतली महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात दरवर्षी उतरतात. पोवाडा, भारूड, लोकनाट्य, गोंधळ असे सगळे तिथे सादर होते. वेशभूषेवर मेहनत दिसते, डफ नवा कोरा असतो, आणि तुणतुणे बहुधा कुठून तरी मागून आणलेले असते, भलत्याच पट्टीत लावलेले, कित्येकदा नुसते दिसायला हातात धरलेले. माझे शिक्षकांकडे एक मागणे आहे. मुलांना ते करायला लावा. गाणाऱ्या मुलाची पट्टी आधी पेटीवर तपासा, मग तारेची लांबी ठरवा. कातडे वाळायला वेळ द्यावा लागतो, म्हणून कामाला महोत्सवाच्या आठवडाभर आधी तरी लागा. लाकूड कोरता आले नाही तर पत्र्याचा डबा घ्या, त्याच्या कडा कानशीने घासा म्हणजे कातडे कापले जाणार नाही. खुंटीचे भोक किंचित निमुळते पाडा, नाहीतर ती पिळल्यावर सरकते. जाड तार आधी लावून बघा, बारीक नंतर. आणि डब्यावर करणाऱ्याचे नाव लिहा.