ओळंबा ओढणारा पर्वत

हिमालयाचे पहिले नेमके नकाशे कसे झाले ते लिहा, असे संपादकांनी सुचवले. वाचायला बसलो आणि हिंगणघाटापाशीच थबकलो. दक्षिणेतून त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेकडे निघालेला विल्यम लॅम्बटन 20 जानेवारी 1823 रोजी तिथे वारला. त्याची कबर तिथेच आहे.

1802 मध्ये मद्रासजवळ त्याने साडेसात मैलांची रेषा साखळीने मोजली. एक बाजू आणि दोन कोन हाती आले की उरलेला त्रिकोण गणित देते. म्हणून सगळी भिस्त कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटवर. त्याचे वजन अर्धा टन, आडवे वर्तुळ तीन फुटांचे. 1808 मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि वर्तुळ वाकले. दुसरा कोणी नवे यंत्र मागवून वाट पाहत बसला असता. लॅम्बटनने तंबूत कोंडून घेतले आणि सहा आठवडे पाचरी, स्क्रू, कप्प्या लावून ते वर्तुळ केसाकेसाने मूळ आकारावर आणले. या सहा आठवड्यांपुढे मला पुढचा सगळा अधिकृत इतिहास फिका वाटतो.

त्रिकोणांची ही रांग पुढे हिमालयाच्या पायथ्याशी पोहोचली. नेपाळने मोजणी करणाऱ्यांना आत येऊ दिले नाही, तेव्हा 1849-50 मध्ये त्यांच्यातल्या जेम्स निकोल्सनने बिहारच्या मैदानातून, दीडशे किलोमीटरहून दूर, एव्हरेस्ट वेधले. प्रकाशकिरण हवेत वाकतो. ती वाक वजा करण्याचे किचकट गणित गणिती राधानाथ सिकदार यांच्या हाताखाली झाले. 1856 मध्ये जाहीर झालेली उंची 29,002 फूट, म्हणजे आजच्या 8848.86 मीटरपेक्षा जेमतेम नऊ मीटर कमी.

खरी अडचण मात्र जमिनीत होती. मध्य भारतातील कल्याणपूर आणि उत्तरेचे कलियाना यांच्या अक्षांशांतला फरक त्रिकोणांनी एक सांगितला, ताऱ्यांनी दुसरा. तफावत 5.236 विकलांची, जमिनीवर सुमारे 160 मीटर. ताऱ्यांचा वेध घेताना सरळ खाली म्हणजे काय, हे ओळंबाच ठरवतो, आणि हिमालयाचे वस्तुमान त्यालाच बाजूला ओढत होते. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट यांनी ती ओढ गणिताने काढली, तर उत्तर आले 15.885 विकला, तफावतीच्या तिप्पट. एवढा थोरला पर्वत ओढायला हवा तितका ओढत नव्हता! 1855 मध्येच खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी उलगडा सुचवला: पर्वताखाली हलक्या खडकाचे खोल मूळ रुतलेले असावे, पाण्यात तरंगणाऱ्या ओंडक्यासारखे.