परदेशातील एक वर्ष : आधी पत, मग पैसा

फैजपूर-सावदा पट्ट्यातला केळीचा जाणता व्यापारी उत्तरेतल्या अपरिचित आडत्याला उधारीवर ट्रक भरून देत नाही. आधी त्याची पत विचारतो, त्याच्याशी व्यवहार केलेल्या दोन पेढ्यांकडे चौकशी करतो आणि मगच माल रवाना करतो. मात्र बारावी किंवा पदवीनंतर मुलामुलीला वर्षभरासाठी परदेशी पाठवण्याची वेळ आली, की तेच घर कित्येकदा चकचकीत माहितीपत्रकावर आणि एजंटाच्या गोड बोलण्यावर विसंबते. पेढीवरचा विवेक अशा वेळी घरातही वापरावयास हवा.

या विवेकाचे उदाहरण मराठी इतिहासात आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस निघाल्या, तेव्हा त्या अवघ्या अठरा वर्षांच्या होत्या. तत्पूर्वी गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याकडे साहाय्य मागितले होते. परंतु धर्मांतराची अट पुढे येताच ती वाट त्यांनी सोडली. तो पत्रव्यवहार एका नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील रोझेल येथील श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात आला. त्यानंतर काही वर्षे पत्रे येत-जात राहिली. आनंदीबाई पोहोचल्या त्या ओळखीच्या घरी. लुगडे आणि शाकाहार त्यांनी सोडला नाही. पुढे फिलाडेल्फियात थंडी व आहाराची आबाळ यांनी प्रकृती खालावली, क्षय जडला आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. भले यजमान लाभूनही राहण्या-जेवणाची व्यवस्था वर्षभर सांभाळावी लागते, हा त्यातील दुसरा धडा होय.

आज पत्रांऐवजी दूरध्वनी आहे. पण तपासाचे मुद्दे फारसे बदललेले नाहीत.

प्रथम कार्यक्रमाचे स्वरूप ओळखावे. रोटरीच्या युवा विनिमय कार्यक्रमात साधारणतः १५ ते १९ वयाची मुले यजमान कुटुंबांत राहतात. राहण्या-जेवणाचे मूल्य यजमान घेत नाहीत, प्रवास, व्हिसा व विमा यांचा खर्च पालक करतात. येथे दोन्ही टोकांना जबाबदार क्लब असतो. पगारी काम असेल तर नियम निराळे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्यान्वये भरती करणारा एजंट नोंदणीकृत असावा लागतो. त्याचे नाव शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळता येते आणि त्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी अशी आहे. ब्रिटनच्या १८ ते ३० वयोगटासाठीच्या तरुण व्यावसायिक योजनेत तर अर्जदारांची निवड सोडतीने होते. म्हणून तेथे ‘खात्रीने जागा’ देणारा एजंट उघडच असत्य बोलत असतो.

दुसरे, व्हिसा कामाशी जुळतो का ते पाहावे. पर्यटक व्हिसावर नोकरी करवून घेणारा माणूस पहिल्याच दिवशी मुलाला कायद्याबाहेर ढकलतो. सप्टेंबर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने थायलंडमधील नोकरीच्या आमिषाने तरुणांना म्यानमारमध्ये नेले जात असल्याचा इशारा दिला होता. पासपोर्ट कोणाच्याही ताब्यात देऊ नये, हे मुलाच्या मनावर ठसवावे.

तिसरे, पैसा. रक्कम बँकेमार्फत आणि संस्थेच्याच खात्यात जावी. वैयक्तिक खाते, रोख किंवा तिसऱ्या देशातील नाव पुढे आले तर व्यवहार तेथेच थांबवावा. रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेत एका व्यक्तीस आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत पाठवता येतात; वैध मार्ग एवढा प्रशस्त असताना आडवाटेची गरज काय? व्हिसा नाकारला गेला, तर किती पैसे किती दिवसांत परत मिळतील, हे भरणा करण्यापूर्वी लेखी घ्यावे.

चौथे, साक्षी. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या दोघांशी आणि मध्येच परतलेल्या एखाद्याशी पालकांनी स्वतः बोलावे. तिसऱ्याचे नाव देण्यास संस्था कचरत असेल, तर ते मौनही पुरेसे बोलके असते.

पाचवे, आहार. ‘शाकाहारी’ एवढे लिहून भागत नाही. अनेक देशांत त्यात अंडे धरले जाते. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य असल्यास तसे स्पष्ट लिहावे. चौविहार पाळणाऱ्याने ऋतूचाही विचार करावा. लंडनमध्ये डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आत मावळतो, तर जूनमध्ये रात्री नऊनंतर. दुपारी तीनला जेवणाची सुट्टी मिळेल का, हे येथूनच विचारावे. यजमान घरातील बाईंशी आईचे एकदा तरी बोलणे व्हावे.

अखेरीस, रात्री दोन वाजता मूल आजारी पडले तर फोन कोण उचलेल? त्या व्यक्तीचे नाव, पत्ता व क्रमांक आणि जवळच्या भारतीय दूतावासाचा क्रमांक घरी लिहून ठेवावा. नाव न देणाऱ्या संस्थेचे माहितीपत्रक कितीही सुंदर असो, ते बाजूला सारावे.

भीतीपोटी मुलांना उंबऱ्याआड ठेवण्यात शहाणपण नाही. परमुलखात स्वतःचे ताट स्वतः घासणारा, हिशेब स्वतः ठेवणारा तरुण पेढीला अधिक उपयोगी ठरतो. फक्त ज्याच्या हाती मूल सोपवायचे, त्याची पत मालाच्या गिऱ्हाइकाहून अधिक कसोशीने पाहावी. माल बुडाला तर तो पुढच्या हंगामात भरून काढता येतो.