क्रेमलिनची परराष्ट्रनीती (लेखांक सातवा) : उसंतीची किंमत

मागच्या लेखांकात आपण १९३४ सालापर्यंत आलो होतो. ज्या राष्ट्रसंघाची बोल्शेविकांनी वर्षानुवर्षे निर्भर्त्सना केली, त्याच राष्ट्रसंघात त्या वर्षी १८ सप्टेंबरला सोव्हिएत युनियन दाखल झाले. परराष्ट्र खात्याचा कमिसार मॅक्सिम लिटविनोव्ह जिनिव्हाच्या व्यासपीठावरून सामूहिक सुरक्षिततेचा पुरस्कार करू लागला. पुढच्या मे महिन्यात फ्रान्स आणि चेकोस्लोव्हाकियाशी परस्पर साहाय्याचे करार झाले. त्याच उन्हाळ्यात कॉमिन्टर्नने जगभरच्या साम्यवादी पक्षांना फॅसिझमविरुद्ध संयुक्त आघाडी करायला सांगितले. सोव्हिएत परराष्ट्रनीतीचे दोन हात आपण पहिल्या लेखांकापासून पाहतो आहोत: एक परकी सरकारांशी तह करणारा, दुसरा त्याच देशांतल्या कामगारांना हाक देणारा. १९३५ मध्ये हे दोन्ही हात एका दिशेने चालत होते. असा योग फार वेळा आला नाही.

चार वर्षांत तो मोडला. कसा मोडला हे सावकाशीने पाहायला हवे, कारण एवढ्या एका प्रसंगावर आजही दोन टोकाची मते ठाम उभी आहेत.

सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकला ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडू दिला. चेकोस्लोव्हाकियाशी करार असलेल्या सोव्हिएत युनियनला त्या बैठकीचे साधे निमंत्रणही नव्हते. मार्च १९३९ मध्ये प्राग पडले. त्याच्या काही दिवस आधी, १० मार्चला, पक्षाच्या अठराव्या अधिवेशनात स्टालिनने बजावले होते की दुसऱ्यांच्या भांडणात आपण भरडले जाणार नाही. तरीही १७ एप्रिलला लिटविनोव्हने लंडन आणि पॅरिसपुढे तिहेरी लष्करी कराराचा प्रस्ताव ठेवला. लंडनकडून उत्तर यायला तीन आठवडे लागले. तोवर लिटविनोव्ह पदावर उरला नव्हता.

३ मे रोजी त्याला दूर करून व्याचेस्लाव मोलोटोव्हकडे खाते देण्यात आले. मोलोटोव्ह पंतप्रधान होताच, आता परराष्ट्र खातेही त्याच्याकडे आले. लिटविनोव्ह ज्यू होता, त्याची पत्नी इंग्रज होती आणि नाझी वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे त्याची हेटाळणी चालवली होती. त्याच्या जाण्याचा अर्थ बर्लिनमध्ये तत्काळ लावला गेला. तरी स्टालिनने त्याच दिवशी जर्मनीशी हातमिळवणी ठरवली होती असे म्हणणे मला पटत नाही. उन्हाळाभर दोन्ही दारे उघडी होती. जो जास्त देईल त्याच्याशी सौदा, इतकाच हिशेब दिसतो.

ब्रिटन आणि फ्रान्सने काय देऊ केले? ५ ऑगस्टला त्यांचे लष्करी शिष्टमंडळ निघाले, तेही ‘सिटी ऑफ एक्झेटर’ या संथ जहाजातून. लेनिनग्राडमार्गे मॉस्कोला पोचेपर्यंत ११ ऑगस्ट उजाडला. दुसऱ्या दिवशी बैठक सुरू होताच सोव्हिएत बाजूच्या मार्शल व्होरोशिलोव्हने पाहुण्यांकडे अधिकारपत्रे मागितली. ब्रिटिश ॲडमिरल ड्रॅक्सपाशी लेखी अधिकारपत्रच नव्हते. युद्ध तोंडावर आले होते आणि सही करण्याचा अधिकार नसलेला माणूस वाटाघाटींना पाठवला होता. १४ तारखेला व्होरोशिलोव्हने खरा प्रश्न टेबलावर ठेवला: जर्मनीशी लढायचे तर लाल सेनेला पोलंडमधून, विल्नोच्या पट्ट्यातून आणि गॅलिशियातून, वाट मिळणार का? याचे उत्तर ड्रॅक्सकडे नव्हते आणि फ्रेंच सेनापती दुमांककडेही नव्हते. पोलंड नाहीच म्हणत राहिले. एकदा आत आलेले रशियन सैन्य परत जाणार नाही ही पोलिश भीती निराधार होती, असे पुढचा इतिहास वाचलेला कोणी म्हणू शकणार नाही.

दुसरीकडे हिटलर घाईत होता. पोलंडवरच्या हल्ल्याची तारीख त्याने मनाशी ठरवली होती आणि दोन आघाड्यांवरचे युद्ध त्याला नको होते. १९ ऑगस्टला बर्लिनमध्ये व्यापारी करार झाला. २० तारखेला त्याने स्टालिनला थेट तार केली की माझ्या परराष्ट्रमंत्र्याला लगोलग भेटा. त्याच दिवशी तिकडे मंगोलियाच्या सीमेवर खाल्खिन गोलला जनरल झुकोव्हने जपानी फौजेवर मोठा हल्ला चढवला होता. म्हणजे पूर्वेला प्रत्यक्ष लढाई आणि पश्चिमेला येऊ घातलेली. शिवाय तुखाचेव्स्कीसह लाल सेनेचे कितीतरी सेनानी स्टालिनने स्वतःच दोन वर्षांपूर्वी संपवले होते. अशा स्थितीत त्याला उसंत हवी होती, हे मान्य करायला माझी हरकत नाही.

२३ ऑगस्टला हा जर्मन परराष्ट्रमंत्री, रिबेनट्रॉप, विमानाने मॉस्कोत उतरला. अनाक्रमण कराराच्या मजकुरावर फारशी घासाघीस झाली नाही. घासाघीस झाली ती सोबतच्या गुप्त कलमांवर. फिनलंड, एस्टोनिया, लाटव्हिया सोव्हिएत प्रभावक्षेत्रात, लिथुआनिया जर्मनीकडे, नारेव, व्हिश्चुला आणि सान या नद्यांच्या रेषेवर पोलंडचे दोन तुकडे, आणि बेसारेबियावर सोव्हिएत हक्क. लाटव्हियातल्या लीबाऊ आणि विन्डाऊ या दोन बंदरांवर बोलणे अडले. स्टालिनला ती हवी होती आणि रिबेनट्रॉपला तेवढा अधिकार नव्हता. त्याने हिटलरला विचारणा केली, काही तासांत होकार आला आणि मध्यरात्र उलटल्यावर सह्या झाल्या. ज्या बंदरांचा सौदा झाला तिथल्या लोकांना, किंवा त्यांच्या सरकारला, याचा मागमूसही नव्हता. ड्रॅक्सने न आणलेला अधिकार आणि रिबेनट्रॉपला काही तासांत मिळालेला होकार शेजारी ठेवले की स्टालिनचा कल तिकडे का झुकला हे वेगळे सांगावे लागत नाही.

१ सप्टेंबरला जर्मनी पोलंडमध्ये घुसली. १७ सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजता मॉस्कोतला पोलिश राजदूत ग्झिबोव्स्की याला बोलावून एक खलिता वाचून दाखवण्यात आला: पोलिश राज्य अस्तित्वात उरलेले नाही, म्हणून तिथल्या युक्रेनियन आणि बेलोरशियन बांधवांच्या रक्षणासाठी लाल सेना सरहद्द ओलांडत आहे. राजदूताने तो खलिता हातात घ्यायला साफ नकार दिला. फौजा तरीही घुसल्या. २८ सप्टेंबरला दुसरा करार झाला, या वेळी नावातच ‘मैत्री’ होती. लिथुआनिया आता सोव्हिएत वाट्याला आली, बदल्यात पोलंडचा आणखी काही भाग जर्मनीला गेला. नव्या सीमेच्या नकाशावर स्टालिनने रंगीत पेन्सिलीने ठळक, लांबलचक सही केली. तो नकाशा आज उपलब्ध आहे.

इथून पुढे उसंतीचा युक्तिवाद मला अपुरा पडतो. युद्ध टाळण्यासाठी अनाक्रमण करार करणे समजू शकते, ब्रिटन आणि फ्रान्सनेही वर्षभरापूर्वी वेगळे काही केले नव्हते. पण ५ मार्च १९४० रोजी पॉलिटब्यूरोने पोलिश अधिकाऱ्यांना आणि इतर कैद्यांना गोळ्या घालण्याचा निर्णय घेतला आणि कातिनच्या जंगलासह निरनिराळ्या ठिकाणी सुमारे २२ हजार माणसे मारली गेली, त्याने कोणती उसंत मिळाली? फिनलंडवर हल्ला केल्याबद्दल डिसेंबर १९३९ मध्ये राष्ट्रसंघातून हकालपट्टी झाली आणि लिटविनोव्हने जिनिव्हात कमावलेली पत मातीमोल झाली. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर केलेल्या हल्ल्याच्या आदल्या रात्रीपर्यंत सोव्हिएत धान्य आणि कच्चा माल घेऊन मालगाड्या जर्मनीकडे जात होत्या. उसंत हिटलरलाही मिळत होती.

त्यातही एक गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. हिटलरच्या छळाला कंटाळून अनेक जर्मन साम्यवादी मॉस्कोच्या आश्रयाला आले होते. मार्गारेट बुबर-नॉयमान ही त्यांतली एक. तिचा नवरा हाइन्झ नॉयमान जर्मन पक्षाचा पुढारी होता, त्याला १९३७ मध्ये मॉस्कोतच गोळी घातली गेली. तिला कारागांडाच्या श्रमछावणीत धाडले. १९४० च्या फेब्रुवारीत तिला इतरांबरोबर ब्रेस्टच्या पुलावर आणून गेस्टापोच्या ताब्यात दिले. पुढची पाच वर्षे तिने रावेन्सब्रुकच्या छळछावणीत काढली. ब्रेस्ट म्हणजे तेच गाव, जिथे १९१८ मध्ये लेनिनच्या सरकारने जर्मनीशी पहिला अपमानास्पद तह केला होता. तेव्हा जमीन दिली होती, या वेळी आपलीच माणसे दिली.

दुसऱ्या हाताचे, म्हणजे कॉमिन्टर्नचे, काय झाले? त्याचा प्रमुख जॉर्जी दिमित्रोव्ह. राइशस्टाग जळीत खटल्यात गोअरिंगला भर न्यायालयात निरुत्तर करणारा हाच माणूस. ७ सप्टेंबर १९३९ ला स्टालिनने त्याला बोलावून सांगितले की हे भांडवलदारी देशांच्या दोन गटांमधले युद्ध आहे. फॅसिस्ट आणि लोकशाही देश असा भेद आता करायचा नाही. लंडनमध्ये ब्रिटिश साम्यवादी पक्षाचा सरचिटणीस हॅरी पॉलिट याने युद्धाला पाठिंबा देणारी पुस्तिका लिहिली होती. ऑक्टोबरात त्याला ते पद सोडावे लागले.

आपल्याकडे ही नवी भूमिका सुरुवातीला बोचली नाही. ब्रिटिशांच्या युद्धाला विरोध करायला भारतीय साम्यवाद्यांना मॉस्कोच्या सांगण्याची गरज नव्हती. २ ऑक्टोबर १९३९ ला मुंबईत सुमारे ९० हजार कामगारांनी युद्धविरोधी संप केला, तो गिरणगावच्या मनातला संप होता. पेच पडला तो २२ जून १९४१ नंतर. जर्मनीने रशियावर हल्ला केला आणि मॉस्कोच्या लेखी युद्धाचे स्वरूपच पालटले. देवळीच्या छावणीत अटकेत असलेले डांगे, रणदिवे आणि बाहेरचे सहकारी यांच्यात महिनोन्‌महिने खल झाला. वर्षअखेरीस पक्षाने ‘लोकयुद्धा’ची भूमिका घेतली. जुलै १९४२ मध्ये सरकारने पक्षावरची बंदी उठवली आणि पुढच्याच महिन्यात गवालिया टँकवर ‘छोडो भारत’च्या ठरावाविरुद्ध साम्यवादी सभासदांनी मत दिले. या कार्यकर्त्यांचा त्याग खोटा नव्हता. अण्णा भाऊ साठ्यांचा स्टालिनग्राडचा पवाडा गिरणगावात गाजला तो मनापासूनच्या भावनेमुळे. पण १९४२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच लोकांपासून तुटण्याची जी किंमत या पक्षाने मोजली, तिचा निर्णय मुंबईच्या गरजांवरून झाला नव्हता. ती जखम पुढे कित्येक निवडणुकांत भळभळत राहिली.

मे १९४३ मध्ये स्टालिनने कॉमिन्टर्न बरखास्तच केली. दोस्त राष्ट्रांची मर्जी राखायची होती, आणि एव्हाना हा हात वेगळा उरलाही नव्हता. गुप्त कलमांचे अस्तित्व सोव्हिएत सरकार तब्बल पन्नास वर्षे नाकारत राहिले. १९८६ साली मरेपर्यंत मोलोटोव्हनेही ती कबूल केली नाहीत. २३ ऑगस्ट १९८९ रोजी बाल्टिक देशांतल्या सुमारे २० लाख माणसांनी हातात हात गुंफून टालिनपासून विल्नियसपर्यंत साखळी केली, आणि त्याच डिसेंबरात मॉस्कोच्या लोकप्रतिनिधी काँग्रेसने ही कलमे खरी असल्याचे मान्य करून त्यांचा निषेध केला. अडीच वर्षांच्या आत ते तिन्ही देश स्वतंत्र झाले.

(पुढील लेखांकात : याल्टा आणि युरोपची वाटणी)