सोन्याला इलेक्ट्रॉन कोण देतं?

इटियाडोह धरणाच्या काठावर बसून जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं रेतीनं घासा. ते लखलखतं, पण बोट फिरवलं तर ते ॲल्युमिनियमला लागतच नाही. घासणारा हात उचलायच्या आत हवेतला ऑक्सिजन धातूवर बसलेला असतो. त्याचा पारदर्शक पापुद्रा जेमतेम दोन ते चार नॅनोमीटर जाड. असे तीनेक लाख पापुद्रे एकावर एक रचले तर कुठे एक मिलिमीटर भरेल!

आणि एवढ्यावर तो वाढायचा का थांबतो? 1949 मध्ये काब्रेरा आणि मॉट यांनी याचं उत्तर दिलं. धातूतले इलेक्ट्रॉन पातळ पापुद्र्याच्या आरपार निघून वरच्या ऑक्सिजनवर जाऊन बसतात. त्यातून जे विद्युतक्षेत्र तयार होतं, ते धातूचे आयन वर ओढतं आणि पापुद्रा वाढतो. जाडी वाढली की ओढ कमी होते, वाढ जवळजवळ थांबते. ऑक्साइड विजेचा दुर्वाहक, हे आपण शाळेत शिकतो. पण दुर्वाहक पुरेसा पातळ असला, तर इलेक्ट्रॉन त्याला जुमानत नाही. भिंतीला भोक न पाडता तो पलीकडे सापडतो. क्वांटम जगातली ही गोष्ट मला आजही थक्क करते.

याच गोष्टीतून उत्प्रेरकांचं एक नवं दालन उघडलं. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या जाड स्फटिकावर सोन्याचा एकटा अणू ठेवला, तर तो अलिप्तच राहतो. तोच ऑक्साइड दोन-तीन अणुथरांइतका पातळ करून चांदीवर किंवा मॉलिब्डेनमवर पसरला, की खालच्या धातूतला इलेक्ट्रॉन वर येतो आणि सोनं ऋणभारित होतं. मॉलिब्डेनमच्या बाबतीत हे मिलानच्या जियानफ्रांको पाक्कियोनी यांच्या गटानं 2005 मध्ये आकडेमोड करून सांगितलं. पुढच्याच वर्षी पाक्कियोनी, अमेरिकेतले उझी लँडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक भाकीत केलं: अशा पातळ थरावर सोन्याचे पुंजके उंच न वाढता चपटे पसरतील. 2007 मध्ये बर्लिनच्या फ्रिट्झ हाबर संस्थेत सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिलं गेलं. चांदीवरच्या तीन थरांवर सोनं पसरलं होतं, आठ थरांवर त्याचे उंचवटे झाले होते. ऑक्साइड तोच, सोनं तेच. फरक फक्त पाच थरांचा. गणित आधी, दर्शन नंतर!

ऑक्सिजनच्या रेणूलाही असाच इलेक्ट्रॉन मिळाला, की त्याच्या दोन अणूंमधला बंध सैल होतो आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड होणं सोपं जातं. प्लॅटिनमवर लोह ऑक्साइडचा एकच पातळ थर दिला, तर ठरावीक तापमानाला तो उघड्या प्लॅटिनमपेक्षाही चांगलं काम करतो, हे बर्लिनच्याच प्रयोगांनी दाखवलं.

संगणक ही सगळी आकडेमोड करतो कशी? धातूचे काही थर, त्यावर ऑक्साइडचे थर आणि वर मोकळी जागा, एवढाच तुकडा घेऊन तो चारही दिशांना पुनःपुन्हा मांडला असं मानायचं. एकेका इलेक्ट्रॉनच्या मागे न लागता त्या सगळ्यांची मिळून घनता शोधायची. 1964-65 मध्ये ही वाट दाखवणाऱ्या वॉल्टर कोन यांना 1998 चं नोबेल मिळालं. मग रेणू एका जागेवरून दुसरीकडे सरकवत ऊर्जेचा चढ मोजायचा. खरी कसोटी इथेच आहे. नेहमीच्या तापमानाला या चढात 0.1 इलेक्ट्रॉन-व्होल्टची चूक झाली, तर अभिक्रियेचा वेग सुमारे पन्नासपट चुकतो. म्हणून अशा गणितातला वेगाचा सुटा आकडा मी जपूनच घेतो. दोन पृष्ठभागांची तुलना मात्र बहुतेक वेळा भरवशाची निघते.

याच घनतेच्या गणिताची परंपरा पुण्यातही रुजलेली आहे. गॅलियम सुमारे 30 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे इटियाडोहच्या मे महिन्यात ते घट्ट राहणारच नाही. पण त्याचा 17 अणूंचा पुंजका त्याहून शेकडो अंश जास्त तापमानातही घन राहतो, असं 2003 मध्ये प्रयोगात दिसलं. एवढ्या लहान पुंजक्यात अणूंचे बंधच वेगळे, अधिक घट्ट असतात, हा त्याचा उलगडा 2004 मध्ये पुणे विद्यापीठाचे दिलीप कान्हेरे आणि सहकाऱ्यांनी संगणकावर केला. पातळ थर काय किंवा इवलासा पुंजका काय, आकार बदलला की पदार्थाचा स्वभावच पालटतो.

अर्जुनी मोरगाव, गोंदिया, देसाईगंज इथे बी.एस्सी. करणाऱ्या मुलामुलींना माझं एक सांगणं आहे. क्वांटम एस्प्रेसो हे या गणिताचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि मॅग्नेशियम ऑक्साइडच्या दोन थरांपुरतं काम साध्या संगणकावरही होतं. ते उतरवून घ्या आणि पहिला थर मांडून बघा.