बुद्धीचें तेल

ज्येष्ठांतले दिवस होते. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. रात्रीच्या जेवणाला सारी मंडळी बसली असतां धाकट्या सूनबाईनें एक बाटली आणून नातवाच्या पानाशीं ठेविली. आंत सोनेरी रंगाच्या, लांबट, पारदर्शक गोळ्या. बाहेरच्या कागदावर एका हंसऱ्या मुलाचें चित्र. आमचा नातू यंदा चौथींत गेला. गेल्या वर्षीं त्याच्या प्रगतिपुस्तकावर "वर्गांत लक्ष नसतें" असा शेरा आला होता, आणि तो सूनबाईच्या मनाला फार लागला होता.

"नाना, ह्यांत ओमेगा-तीन आहे," ती म्हणाली. "मेंदूला लागतें म्हणतात. त्याच्या वर्गांतल्या कितीतरी मुलांना देतात."

मीं चष्मा चढवून बारीक अक्षरांतला मजकूर वाचला. माशाच्या तेलाचा उल्लेख दिसतांच बाटली दूर सारली आणि म्हणालों, "सूनबाई, हें आपल्या घरांत चालावयाचें नाहीं."

ती उलट बोलली नाहीं. पण दुसऱ्या दिवसापासून घरांत दोन पक्ष पडले. थोरले चिरंजीव म्हणाले, औषधाला सोंवळें-ओंवळें नसतें. आमच्या सौ.चें म्हणणें, ब्राह्मी घरांत असतांना मासळी कशाला? पस्तीस वर्षें मुलें शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यानें न वाचतां निकाल देऊं नये, म्हणून मीं या विषयाचा धड्यासारखा अभ्यास आरंभिला. जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवितों. कारण ही बाटली आज पुष्कळ घरांत आली आहे, आणि येतांना तिनें असाच वाद बरोबर आणला असेल.

ओमेगा हें ग्रीक वर्णमालेंतलें शेवटचें अक्षर. तेलातुपांतील मेदाम्ल म्हणजे कर्बाच्या अणूंची सांखळी. तिच्या शेंपटाकडून मोजूं लागलें असतां पहिला दुहेरी सांधा तिसऱ्या कडीपाशीं आला तर तें मेदाम्ल ओमेगा-तीन, आणि सहाव्या कडीपाशीं आला तर ओमेगा-सहा. या दोन ठिकाणचे सांधे आपल्या शरीराला जोडतां येत नाहींत. म्हणून हीं मेदाम्लें अन्नांतूनच यावीं लागतात. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत जॉर्ज बर व त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड यांनीं १९२९ व १९३० सालीं उंदरांना स्निग्धांशरहित अन्न देऊन अशा मेदाम्लांची आवश्यकता प्रथम दाखविली. उंदरांची वाढ खुंटली, कातडीला खपल्या धरल्या. योग्य मेदाम्ल पोटांत जाऊं लागतांच ते सुधारले.

ओमेगा-तीनच्या कुळांतलीं तीन नांवें ध्यानांत ठेवावीं. वनस्पतींत सांपडणारें अल्फा-लिनोलेनिक आम्ल १८ कड्यांचें. माशांच्या तेलांतील ई.पी.ए. २० कड्यांचें आणि डी.एच.ए. २२ कड्यांचें. मेंदूच्या आणि डोळ्याच्या आंतील पडद्याच्या घडणींत हें शेवटचें विशेषेंकरून असतें.

तेव्हां ही गोष्ट व्यापाऱ्यांनीं रचलेली आहे असें समजूं नये. १९८२ सालीं राल्फ होलमन व त्यांचे सहकारी यांनीं एका सहा वर्षांच्या मुलीची हकीकत प्रसिद्ध केली. पोटांत बंदुकीची गोळी लागल्यामुळें तिला कित्येक महिने शिरेवाटे पोषण द्यावें लागलें. त्या पोषणांतला स्निग्धांश करडईच्या तेलाचा होता. त्यांत ओमेगा-सहा भरपूर, ओमेगा-तीन जवळजवळ नाहींच. कांहीं महिन्यांनीं तिच्या अंगांत बधिरपणा आला, पाय दुखूं लागले, चालतां येईना, दृष्टि अंधुक झाली. पुढें करडईच्या जागीं सोयाबीनचें तेल योजिलें, आणि तीं लक्षणें नाहींशीं झालीं.

येथपर्यंत सूनबाईचा पक्ष बळकट. परंतु यापुढें जें अनुमान बाजारांत केलें जातें तें तर्कशास्त्राच्या कसोटीला उतरत नाहीं. एखाद्या वस्तूच्या अभावानें हानि होते, म्हणून तिच्या आधिक्यानें लाभ होईल, असें ठरत नाहीं. आमटींत मीठ नसेल तर ती घशाखालीं उतरत नाहीं; म्हणून दुप्पट मीठ घातल्यानें ती दुप्पट रुचकर होते काय?

प्रयोगांचा इतिहासहि हेंच सांगतो. इंग्लंडांतील डरहॅम परगण्यांत हालचालींत सफाई नसलेल्या, ५ ते १२ वर्षांच्या ११७ मुलांवर एक परीक्षा झाली. कांहींना माशाच्या तेलाच्या गोळ्या, कांहींना तशाच दिसणाऱ्या ऑलिव्हच्या तेलाच्या. २००५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तीन महिन्यांनीं हालचालींत फरक नाहीं, पण वाचन व शुद्धलेखन सुधारलें. लगेच पुढल्या वर्षीं त्याच परगण्यांत परीक्षेला बसणाऱ्या सुमारें ५,००० विद्यार्थ्यांना गोळ्या देण्याची योजना निघाली. आणि तिच्यांत ज्यांना गोळ्या दिल्या नाहींत अशा मुलांचा तुलनेसाठीं गटच ठेविला नव्हता! अशा प्रयोगाची किंमत काय, हें शिक्षकाला सांगावयास नको. परीक्षा जवळ आली कीं मुलें आपोआपच अभ्यास करूं लागतात.

पुढें ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं ७ ते ९ वर्षांचीं, निरोगी परंतु वाचनांत मागें पडलेलीं ३६२ मुलें घेतलीं, आणि त्यांपैकीं निम्म्यांना १६ आठवडे रोज ६०० मिलिग्रॅम डी.एच.ए. दिलें. २०१२ सालचा निष्कर्ष असा कीं, एकंदर मुलांच्या वाचनांत फरक पडला नाहीं. अगदीं मागें असलेल्यांत मात्र थोडा दिसला. मग तशाच अगदीं मागें असलेल्या ३७६ मुलांवर त्यांनीं पुन्हां परीक्षा घेतली. २०१८ सालीं तिचा निष्कर्ष आला: तो फरकहि दिसला नाहीं. स्वतःच्या आशेची अशी दुसऱ्यांदा परीक्षा घेऊन प्रतिकूल उत्तर प्रसिद्ध करणाऱ्या त्या विद्वानांना मी मनोमन नमस्कार करितों.

आतां आपल्या स्वयंपाकघराकडे वळूं. शेंगदाण्याच्या, सूर्यफुलाच्या आणि करडईच्या तेलांत ओमेगा-तीन नसल्यासारखेंच; सोयाबीनच्या व मोहरीच्या तेलांत तें आहे. म्हणून एकच तेल बारमहा न वापरतां आलटून पालटून वापरणें हितावह. अक्रोडांतहि तें आहे. परंतु सर्वांत श्रेष्ठ आपला जवस. अमरकोशांत त्याला अतसी, उमा व क्षुमा अशीं नांवें आहेत. त्याच्याच धाग्याचें वस्त्र तें क्षौम. जवसाच्या सुमारें ५ ग्रॅम पुडींत, म्हणजे दोन लहान चमच्यांत, १ ग्रॅमहून किंचित् अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतें. आणि ९ ते १३ वर्षांच्या मुलग्याला रोज १.२ ग्रॅम पुरेसें, असें अमेरिकेंतील तज्ज्ञांनीं धरिलें आहे. मात्र जवस अख्खा खाल्ला तर बहुतेक तसाच बाहेर पडतो; तो मंद भाजून कुटावा, आणि थोडा थोडाच कुटावा, कारण पूड लवकर खवट होते. कारळ्याची चटणी रुचकर खरी, पण तिच्यांत भर ओमेगा-सहाचा. ती जवसाची जागा घेऊं शकत नाहीं.

एक उणें मात्र मान्य केलें पाहिजे. जवसांतल्या आम्लापासून शरीर डी.एच.ए. बनवितें, तें फारच थोडें. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१० सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत ६ ते १० वर्षांच्या मुलांसाठीं ई.पी.ए. व डी.एच.ए. मिळून रोज २०० ते २५० मिलिग्रॅम असें प्रमाण दिलें आहे. शाकाहारी घरांत तें पुरें पडणें कठीण. पण येथेंच मला एक गंमतीची गोष्ट कळली. मासा तरी हें द्रव्य कोठून आणतो? तोहि तें बहुतांशीं स्वतः बनवीत नाहीं. समुद्रांतील सूक्ष्म शेवाळ तें तयार करितें, आणि एकामागून एक भक्ष्याच्या वाटेनें तें माशाच्या अंगांत येतें. आज त्या शेवाळापासूनच काढलेलें तेल मिळतें. घेणाऱ्यानें हिरवें चिन्ह पाहावें, आणि गोळीचें वेष्टण जिलेटिनचें नाहीं ना, हेंहि पाहावें. कारण जिलेटिन प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून होतें. आणखी एक सावधगिरी: माशाच्या यकृताचें तेल निराळें. त्यांत अ व ड जीवनसत्त्वें असतात, आणि अ जीवनसत्त्व अति झालें तर बाधतें. कोणतीहि गोळी द्यावयाची तर मुलांच्या डॉक्टरांना विचारून द्यावी.

हें सारें मीं श्रावणांत सूनबाईला वाचून दाखविलें. तिनें माशाच्या तेलाची बाटली परत केली, शेवाळाच्या तेलाची आणली. मीं संमति दिली. जवसाची चटणी पानांत आली. वाद मिटला, आणि आम्ही दोघेंहि संतुष्ट झालों.

भाद्रपदांत गणपतीच्या आदल्या दिवशीं मीं नातवाला म्हटलें, "बाळ, भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत पाहून सांग, चतुर्थी किती वाजेपर्यंत आहे?" तो उठला, भिंतीपाशीं गेला, आणि नाक कागदाला टेंकेपर्यंत पुढें झुकला. मी पाहत राहिलों.

"लांबून दिसत नाहीं का रे?"

"नाहीं आजोबा. फळ्यावरचेंहि दिसत नाहीं."

"मग सांगितलें कां नाहींस?"

"मला वाटलें, सगळ्यांना असेंच दिसतें."

आठवडाभरांत त्याला चष्मा लागला. आतां तो फळ्यावरचें उतरवून घेतो, आणि लक्षाबद्दलचा शेरा पुन्हां आलेला नाहीं. गोळ्या चालू आहेत. त्यांनीं अपाय नाहीं. पण मासा कीं शेवाळ, हा वाद आम्हीं तीन महिने घातला, ग्रंथ चाळले, प्रमाणें काढलीं. आणि ज्या मुलासाठीं हें सारें चाललें होतें, त्याला काय दिसतें, हें त्याला कोणीच विचारलें नाहीं.

सूनबाईला मी दोष देत नाहीं. तिच्याजवळ शेरा होता, आणि त्यावर तिनें उपाय शोधला. मजकडे पस्तीस वर्षांचा अनुभव होता. त्या पस्तीस वर्षांत "वर्गांत लक्ष नसतें" हा शेरा मीं स्वतःच्या हातानें किती प्रगतिपुस्तकांवर लिहिला असेल, याची मोजदाद नाहीं. त्यांतल्या किती मुलांना फळा दिसत नव्हता, हा प्रश्न आतां रात्रीं झोंप येऊं देत नाहीं.

म्हणून वाचकांना एवढीच विनंति. मुलाला बुद्धीचें तेल अवश्य द्या, चटणींतून द्या कीं बाटलींतून द्या. पण बाटलीचें बूच काढण्यापूर्वीं त्याला जवळ बसवून घ्या, भिंतीवरचें कांहींतरी लांबून वाचावयास सांगा. आणि तो काय म्हणतो तें पुरतें ऐकून घ्या.