कवकांच्या ओळखपट्टीतील विसंगत अक्षरे

कवकाची जात ओळखण्यासाठी आज डीएनएचा जो पट्टा सर्रास वाचला जातो, त्यातून कोणतेही प्रथिन तयार होत नाही. पेशीत प्रथिने बनवणाऱ्या रायबोझोमला लागणाऱ्या आरएनएची १८एस, ५.८एस आणि २८एस ही तीन जनुके डीएनएवर ओळीने बसलेली असतात. त्यांच्यामधल्या दोन जागांची आधी नक्कल होते आणि मग त्या कापून टाकल्या जातात. ५.८एससह या दोन जागांना मिळून आयटीएस म्हणतात. टाकून द्यायच्या भागात बदल झाला तरी पेशीचे फारसे अडत नाही, म्हणून तेथे बदल साचत जातात आणि जवळच्या जातीही वेगळ्या काढता येतात. शेजारची जनुके मात्र दीर्घकाळ जवळपास तशीच टिकतात, त्यामुळे त्यांवर चिकटून वाचनाची हद्द ठरवणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, बहुतेक कवकांना चालतात. असे प्रायमर १९९० मध्ये प्रसिद्ध झाले आणि २०१२ मध्ये संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय गटाने आयटीएस ही कवकांची सार्वत्रिक ओळखपट्टी मानावी असे रीतसर सुचवले.

एका कवकात ही पट्टी एकसारखीच असते, असे एक गृहीत या व्यवस्थेत दडलेले आहे. आयटीएसची प्रत पेशीत एकच नसते. पावाच्या यीस्टमध्ये ती सुमारे दीडशे वेळा एकापुढे एक येते. एका प्रतीत झालेला बदल पुनर्संयोजनाच्या प्रक्रियेत कधी पुसला जातो, तर कधी सर्व प्रतींत पसरतो, आणि या समन्वित उत्क्रांतीमुळे प्रती साधारणपणे एकसारख्या राहतात. ‘साधारणपणे’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे.

एखाद्या अळिंबीच्या पेशीत दोन पालकांची दोन केंद्रके शेजारी नांदत असतील आणि त्यांपैकी एकाच्या आयटीएसमध्ये एक अक्षर जास्त असेल, तर नेहमीच्या सँगर वाचनाच्या आलेखात त्या अक्षरापर्यंतची शिखरे सुटी व स्वच्छ दिसतात, पुढे मात्र प्रत्येक ठिकाणी दोन शिखरे एकमेकांवर चढतात आणि काहीच वाचता येत नाही. असा आलेख पाहून नमुना दूषित झाल्याचा शेरा मारला जाण्याची शक्यता असते. वास्तविक पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडून वाचन केले, तर घोळ नेमक्या त्याच जागी सुरू होतो आणि कारण उघड होते.

याहून गुंतागुंतीचे उदाहरण फ्युझेरियमचे आहे. मका आणि भातावर रोग आणणाऱ्या जाती ज्या गटात मोडतात, त्या गटातील एकाच कवकाच्या जनुकसंचात आयटीएसच्या दुसऱ्या भागाचे दोन स्पष्ट वेगळे प्रकार असल्याचे १९९७ मध्ये दाखवण्यात आले. नेहमीच्या पद्धतीने यांपैकी संख्येने जास्त असलेला प्रकारच वाचला जातो, आणि तो प्रत्येक जातीत एकच नसतो. परिणामी दोन जातींची तुलना करताना प्रत्यक्षात न जुळणाऱ्या प्रकारांची तुलना होते आणि त्यातून काढलेला वंशवृक्ष दिसायला नीटनेटका, पण चुकीचा निघतो. म्हणूनच फ्युझेरियमसाठी अभ्यासक ‘टेफ-१’ या प्रथिन बनवणाऱ्या जनुकावर अधिक विश्वास ठेवतात.

मसाल्यातले दगडफूल, म्हणजे कवक आणि शैवाल यांचे सहजीवन, वेगळीच अडचण उभी करते. दगडफुलांच्या पार्मेलियासी कुळातील अनेक जातींत १८एस जनुकाच्या शेवटच्या टोकाजवळ दोनशे किंवा अधिक अक्षरांचा इंट्रॉन घुसलेला असतो. हा पहिल्या गटातील इंट्रॉन आरएनए तयार झाल्यावर स्वतःला कापून बाहेर पडू शकतो. डीएनएमध्ये मात्र तो तसाच राहतो आणि प्रायमर त्याच्या अलीकडे बसला असेल तर ओळखपट्टीत मोजला जातो. ही उपरी अक्षरे न काढता संगणकीय तुलना केली की अगदी जवळची नातीही दूरची भासतात.

मातीच्या सर्वेक्षणात हे प्रश्न वाढतात, कारण तेथे हजारो अनुक्रम एकत्र वाचून, बहुधा ९७ टक्के साम्याची सीमारेषा आखून, जाती मोजल्या जातात. लेटिपोरस या लाकूड कुजवणाऱ्या कवकाच्या एकाच नमुन्यातील निरनिराळ्या प्रती इतक्या वेगळ्या असू शकतात की अशा मोजणीत जातींची संख्या फुगते, हे २०११ मध्ये दिसून आले. उलट शांटरेल या खाद्य अळिंबीची आयटीएस पट्टी अनेकदा हजार अक्षरांहूनही लांब असते, तर बहुतेक कवकांची पाचशे ते सातशेच्या घरात. पीसीआर या डीएनए-गुणन प्रक्रियेत आखूड तुकडे झपाट्याने वाढतात, त्यामुळे जमिनीत भरपूर असलेली शांटरेल सर्वेक्षणाच्या यादीत जेमतेम उमटते किंवा अजिबात उमटत नाही.